दोन बोटं वाळू

१

कानवाल्यांच्या घरी मासे आले ते त्यांच्या बायकोच्या आग्रहामुळे.

कानवाले म्हणजे श्रवणयंत्रं बसवून देणारे गृहस्थ. मोठ्या रस्त्यावर त्यांचं दोन खोल्यांचं दुकान होतं. दारावर नावाची ठसठशीत पाटी होती, पण ती वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे; समोरचा चष्मेवालासुद्धा त्यांना कानवालेच म्हणायचा. त्यांनाही ते नाव चालत होतं. ऐकू येईनासं झालेल्या माणसाच्या कानात यंत्र बसवायचं, आवाज हळूहळू वाढवत न्यायचा आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडलेला बघायचा, एवढ्यासाठी ते इतकी वर्षं दुकान उघडत होते.

घरात मात्र त्यांची मात्रा चालत नव्हती. वडिलांच्या दोन्ही कानांत त्यांनी स्वतःच्या हातांनी चांगल्यातली चांगली यंत्रं बसवली होती. पण आई गेली आणि बाबांनी ऐकण्यातून मनच काढून घेतलं. पुढच्या खोलीत खुर्ची टाकून दिवसभर समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे. टीव्ही लावला तर म्हणायचे, तोंडं हलतात नुसती. कोणी भेटायला आलं की डोळे मिटून घ्यायचे. शेवटी बायको म्हणाली, ह्यांना काहीतरी हलतं, पण न बोलणारं बघायला द्या. माशांना उत्तर द्यावं लागत नाही.

मग तीन फुटी काचेची टाकी आली, लोखंडी घोडीवर चढली, त्यात रंगीत खडी आली आणि मासे आले. त्यांतले सहा मासे तळाशी राहणारे होते, तोंडाला बारीक मिशा असलेले. ते दिवसभर खडीत तोंड खुपसून काहीतरी शोधत असायचे. दोन महिन्यांत त्यांच्या मिशा झिजून आखूड झाल्या. हे पहिल्यांदा दिसलं ते बायकोला. मासेवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "खडीने घासतात बिचाऱ्यांच्या मिशा. ती काढा आणि वाळू घाला. दोन बोटं पुरे. जास्त घातलीत तर तळाशी वायू कोंडतो. आणि आठवड्यातून एकदा काडीने टोचून मोकळी करायची, विसरू नका."

वाळू आणली तेव्हा ती धुवायचं काम कानवाल्यांनी न्हाणीघरात मांडलं. तिसरी बादली चालू असताना मागे सावली पडली. बाबा उभे होते. त्यांनी मूठभर वाळू उचलली, बोटांत चोळली, आणि म्हणाले, "तुझ्याच्यानं व्हायचं नाही. सरक." पंचवीस वर्षं बोगदे खणण्यात घालवलेला माणूस, त्यांच्या हातात वाळू पिठासारखी फिरत होती. अकरा बादल्या पाणी गेलं तेव्हा कुठे ते काचेसारखं निवळशंख उतरलं. बाबांनी स्वतःच टाकीत वाळू पसरली, तळहाताने सारखी केली, आणि हात पुसत म्हणाले की वाळू चांगली आहे, दाणा एकसारखा आहे, ही कोसळणार नाही.

दोन वर्षांत ते सलग एवढं बोलले नव्हते. बायको स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ तिथेच उभी राहिली.

२

बदल झाला तो आधी खुर्चीत.

दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं आणि कानवाले जेवायला घरी यायचे. एके दिवशी ते आले तर बाबांची खुर्ची फिरवलेली होती. टाकीसमोर बसायचे ते आता टाकीला लागून आडवे बसले होते. उजवा कान काचेजवळ, नजर समोरच्या दाराकडे. दारातून आत आलेल्या मुलाकडे त्यांनी पाहिलं, पण पाहिलं नाहीच. फोनवर दुसऱ्याचं बोलणं ऐकणारा माणूस खोलीत आलेल्याकडे बघतो तसं.

उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत असेल, असं म्हणून कानवाल्यांनी ती गोष्ट सोडून दिली. दुसऱ्या दिवशीही खुर्ची तशीच. तिसऱ्या दिवशी बाबांनी उजव्या कानातलं यंत्र काढून त्यांच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, बघून दे.

त्यांनी ते दुकानात नेलं. साफ केलं, नवीन सेल घातला. यंत्र तपासायची एक नळी असते. डॉक्टरांच्या नळीसारखीच, फक्त छातीला लावायच्या जागी यंत्र अडकवायची सोय. ती कानात घालून त्यांनी पाच मिनिटं ऐकलं. आवाज आरशासारखा स्वच्छ होता. संध्याकाळी यंत्र परत देताना त्यांनी सांगितलं की खरखर वगैरे काही नाही.

"मी कुठे म्हटलं खरखर आहे?" बाबा म्हणाले. "यंत्र नीट चालतंय ना, एवढंच बघायचं होतं."

"मग ऐकू काय येतंय?"

"वाळू उकरल्याचा आवाज."

कानवाले हसले. सहा मासे दिवसभर वाळू चिवडतात, हवेचा पंप घुर्र करत असतो. चांगलं यंत्र हे सगळं उचलणारच. तसं त्यांनी समजावूनही सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि हात लांब करून पंपाचं बटण बंद केलं.

खोली एकदम शांत झाली. बुडबुडे थांबले. मासे होते तिथेच तरंगत राहिले. रस्त्यावरून एक दुचाकी गेली, तिचाही आवाज विरला. बाबांनी एक बोट वर केलं. शाळेत मास्तर करतात तसं. बराच वेळ ते बोट तसंच राहिलं, मग हळूच खाली आलं.

"थांबला," बाबा म्हणाले. "दमला असेल."

३

कानवाल्यांच्या दुकानात मागच्या खोलीत एक बंद कोठडी होती. चारी भिंतींना जाड कापूस, दार लावलं की बाहेरचं काही आत येत नाही. माणसाला आत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, आवाज आला की दाबा. वीस वर्षांत ते एक गोष्ट पक्की शिकले होते. आवाजाची वाट बघणारा माणूस आवाज नसतानाही बटण दाबतो. खोटं बोलत नसतो तो. त्याला खरंच आलेला असतो.

बाबांचंही तेच असणार, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. एकटेपण असतं, वय असतं. बायकोशी बोलले तेव्हा तीही म्हणाली की ऐकेनात का बापडे, निदान खुर्चीत ताठ तरी बसतात आता. ते खरंच होतं. बाबा दोन घास जास्त खात होते.

सुट्टीच्या दिवशी सकाळी पाणी बदलायचं आणि वाळू टोचायची, हा नेम ठरलेला. टोचायला बायकोची लोकर विणायची जुनी सुई होती, स्टीलची, चौदा इंच लांब, एका टोकाला बोंड. कानवाल्यांनी बाही वर सारून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि एका बाजूने सुरुवात केली. सुई वाळूत जायची आणि तळाच्या काचेला लागून टक् व्हायचं. दोन बोटं, टक्. दोन बोटं, टक्. मधूनच एखादा बुडबुडा सुटायचा. कंटाळवाणं पण बरं वाटणारं काम.

मागच्या डाव्या कोपऱ्यात सुई गेली आणि टक् झालंच नाही.

हात आपल्या तालात होता, म्हणून तो तसाच पुढे गेला. सुई चार बोटं गेली, सहा गेली. वाळू घट्ट नव्हती, सैलही नव्हती. भाजलेल्या रताळ्यात सुरी जावी तशी सुई विनातक्रार जात राहिली. बोंड वाळूला टेकलं तेव्हा कानवाल्यांना आपण काय करतो आहोत ते कळलं. चौदा इंच सुई दोन बोटं वाळूत नाहीशी झाली होती.

ते तसेच थांबले. मग दुसरा हात घोडीवरच्या फळीखाली घालून चाचपलं. फळी कोरडी होती. वाकून बघितलं. फळीच्या खाली कोळ्याचं एक जुनं जाळं, त्याखाली हातभर रिकामी जागा, मग फरशी. फरशीखाली दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचं घर. त्यांच्या मशिनची घरघर आत्ताही येत होती.

सुई बाहेर काढली. टाकीचं पाणी कोमट होतं, पण सुई हाताला इतकी गार लागली की त्यांनी ती झटकन टॉवेलवर टाकली. थोड्या वेळाने पुन्हा उचलून त्याच जागी खुपसली.

दोन बोटं. टक्.

तिरकी गेली असेल. तिरकी गेली की लांब जाते, साधी गोष्ट आहे. पण तिरकी गेली असती तर बाजूच्या काचेतून वाळूच्या थरात ती दिसली असती, आणि बोंड सरळ उभं होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी सुई धुऊन, पुसून कपाटात ठेवली आणि बायकोला सांगितलं नाही. काय सांगणार होते?

नंतर लक्षात आलं की मिशावाले सहाही मासे टाकीभर फिरतात, पण त्या कोपऱ्यात जात नाहीत. तिथली वाळू बाबांनी तळहाताने सारखी केली होती तशीच्या तशी राहिली होती.

४

पुढच्या आठवड्यात एका दुपारी बायको कामावर होती. ती वाचनालयात होती, पाचला यायची. कानवाले जेवून उठले तेव्हा बाबा म्हणाले, "तुझी ती दुकानातली नळी उद्या येताना घेऊन ये."

"कशाला?"

"आणशील तेव्हा सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नळी आणली. बाबांनी त्यांना समोर स्टुलावर बसवलं आणि पहिल्यांदाच ती हकिकत सांगितली. आईलाही सांगितली नव्हती म्हणाले. चाळीस वर्षांपूर्वीची. एका बोगद्याचं काम चालू होतं आणि छत बसलं. बारा जण अलीकडे राहिले आणि एक जण पलीकडे. त्याचं खरं नाव बाबांना आठवत नव्हतं. सगळे त्याला भोंगा म्हणायचे, कारण त्याचा आवाज असा होता की तो हसला की दिव्याची काच थरथरायची. बाबांच्या जोडीला तोच असायचा. त्या दिवशी बाबा पाणी प्यायला अलीकडे आले होते, एवढाच फरक.

ढिगाऱ्यातून अलीकडच्यांनी एक लोखंडी पहार पलीकडे जाईल तेवढी ठोकली; तिला कान लावून ऐकायचं. ऐकायचं काम बाबांचं. दगडावर हातोडी मारून त्यात भेग कुठे आहे ते आवाजावरून सांगण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून. पहिल्या दिवशी पहारेवर तीन ठोके आले. दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्या दिवशी ठोके थांबले आणि उकरल्याचा आवाज यायला लागला. चौथ्या दिवशी अलीकडे पाणी चढायला लागलं. मुकादम आला आणि त्याने विचारलं, आवाज आहे का?

"मी कान लावला," बाबा म्हणाले. "मला काही ऐकू आलं नाही. मी सांगितलं, नाही. मग पाणी अडवायला त्यांनी काँक्रीट ओतलं."

कानवाले म्हणाले की यात तुमची काय चूक, ऐकू आलं नाही तर नाही म्हणणारच.

"बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं, मला घड्याळाची टिकटिकपण ऐकू येत नव्हती. चार दिवस त्या गोंगाटात कान गेले होते माझे. कधी गेले, तिसऱ्या दिवशी गेले का चौथ्या, ते मला माहीत नाही. आवाज नव्हता का मीच बहिरा होतो, हे मला आजपर्यंत माहीत नाही." त्यांनी नळीकडे बोट दाखवलं. "तुझे कान चांगले आहेत. तू ऐक आणि मला सांग. एवढंच काम आहे माझं तुझ्याकडे."

बाबांनी पंप बंद केला.

कानवाल्यांनी नळी कानात घातली, गुडघ्यांवर बसून तिचं टोक मागच्या डाव्या कोपऱ्यात काचेच्या खालच्या कडेला टेकवलं. आधी स्वतःच्या रक्ताचा आवाज आला. मग खालच्या मजल्यावरच्या शिवणाच्या मशिनचा. तो त्यांनी ओळखून बाजूला केला. असे आवाज बाजूला करण्याची त्यांना सवय होती. उरली शांतता. ती ऐकत असताना दाणे सरकले.

एक ओढ. दुसरी. तिसरी. मग थांबा. पुन्हा एक, दोन, तीन. मासा असा उकरत नाही, मासा मोजत नाही. पण कानवाले चमकले ते या मोजण्याने नव्हे. बंद कोठडीत टाळी वाजवली तर ती जागीच मरते, लांब जिन्यात वाजवली तर रेंगाळत जाते. डोळे बांधले तरी नुसत्या आवाजाच्या शेवटावरून जागा केवढी आहे ते त्यांना सांगता यायचं, तो त्यांच्या पोटापाण्याचाच भाग होता. आणि हा आवाज रेंगाळत होता. वाळूचे दाणे सरकून थांबले की त्यांचा शेवट मागे, खूप मागे जात जात विरत होता. वाळूच्या पलीकडे जागा होती. लांबच लांब, वाकत गेलेली, रिकामी जागा.

उकरणं थांबलं. मग काचेच्या अगदी जवळ, नळीच्या तोंडापाशीच, काहीतरी अलगद टेकलं. कोणी दाराला कान लावावा तसं.

कानवाल्यांनी नळी काढली.

बाबा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. दोन वर्षं भिंतीकडे बघणारे डोळे इतके जागे असू शकतात, हे कानवाल्यांना माहीत नव्हतं. हो म्हणायचं तर पुढे काय म्हणायचं? या माणसाला कुठे न्यायचं, वाळूत काय शोधायचं, चाळीस वर्षांचं काय करायचं? आणि नाही म्हटलं तर निदान आज सगळे जेवतील, झोपतील. एवढा विचार त्यांनी केला की नुसतेच घाबरले, हे त्यांना पुढेही कधी ठरवता आलं नाही.

"नाही, बाबा," ते म्हणाले. "काही नाही. खालच्या मजल्यावरची मशिन ऐकू येतेय."

बाबा "बरं," म्हणाले. मग त्यांनी उजव्या कानातलं यंत्र काढलं, डाव्या कानातलं काढलं, दोन्ही डबीत ठेवून डबीचं झाकण लावलं, आणि खुर्ची पुन्हा भिंतीकडे फिरवली.

५

त्यानंतरचे नऊ दिवस वाईट गेले. बाबा पुन्हा गप्प झाले, आणि या वेळचं गप्प बसणं वेगळं होतं. आधी त्यांना कोणाशी बोलायचं नव्हतं. आता जणू विचारायचं काही उरलं नव्हतं. ताट तसंच परत जायचं. बायकोने दोनदा विचारलं की तुमचं काही वाजलं का. कानवाले नाही म्हणाले, आणि आपण हा शब्द किती सराईतपणे म्हणायला लागलो आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं.

दुकानातही चित्त थाऱ्यावर नव्हतं. कोठडीत माणूस बसलेला असायचा, कानवाले बाहेरून बारीक आवाज सोडायचे, तो बटण दाबायचा, आणि यांच्या मनात यायचं, या माणसाने ऐकू येऊनही दाबलं नाही तर?

शेवटी त्यांनी ठरवलं की वाळूच काढून टाकायची. तळ नुसता काचेचा ठेवतात काही लोक, मासे त्यातही जगतात. वाळू नाही तर कोपरा नाही, आणि कोपरा नाही तर काही नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी बायकोने मासे एकेक करून जाळीने बादलीत घेतले आणि बादली न्हाणीघरात नेऊन त्यात पंप सोडला. कानवाल्यांनी रबरी नळीने टाकीतलं पाणी उपसलं. अर्ध्या तासात टाकी रिकामी झाली. तळाशी ओली वाळू राहिली, सकाळच्या उजेडात चकाकणारी, सपाट, निरुपद्रवी. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

कानवाल्यांनी डबडं घेतलं आणि उजव्या बाजूने वाळू काढायला सुरुवात केली. भराभर हात चालत होता. काच दिसायला लागली, काचेतून खालची फळी दिसायला लागली. तीन भाग वाळू बादलीत गेली. मागचा डावा कोपरा राहिला, ताटाएवढा.

तिथे हात घालणार तोच वाळूवरची चकाकी गेली.

समुद्राकाठी ओल्या वाळूत पाय रोवला की पायाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते, दाब आला की पाणी आत जातं म्हणून. तसा एक गोल डाग कोपऱ्यात उमटला, रुपयाएवढा. विरला. पुन्हा उमटला. पुन्हा विरला. तिसऱ्यांदा उमटला तेव्हा डागाच्या मधोमध वाळू किंचित वर आली, तिला केसाएवढी चीर गेली, आणि चिरेत काहीतरी पांढुरकं दिसलं. नखाएवढं. शंखाचा तुकडा असेल, असं कानवाल्यांचं डोकं म्हणालं. ते पांढुरकं आडवं सरकलं, शोधल्यासारखं, आणि चीर मिटली.

बाजूला दोन बोटांवर काचेचा उघडा तळ होता. त्यातून फळी दिसत होती आणि फळीवरचा एक खिळा.

त्यांच्या हातात वाळूने भरलेलं डबडं होतं. ते कोपऱ्यात उपडं करावं, वर हाताने दाबावं, हे इतकं सोपं होतं की हात अर्धा वळलासुद्धा होता. तो त्यांनी ओढून धरला. डबडं खाली ठेवलं. वळून ते बाबांच्या खुर्चीपाशी गेले आणि त्यांच्या समोर उकिडवे बसले.

"बाबा, मी खोटं बोललो," ते म्हणाले. "त्या दिवशी मला ऐकू आलं होतं."

बाबांच्या कानांत यंत्रं नव्हती. त्यांना किती कळलं कोण जाणे. त्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या वाळूने माखलेल्या हातांकडे. मग गुडघ्यांवर जोर देऊन उठले आणि टाकीपाशी गेले. नंतर टाकीवर वाकून त्यांनी उजवा हात कोपऱ्यात ठेवला, तळवा खाली.

न्हाणीघरातून बायकोने हाक मारली की टॉवेल द्या जरा, एक मासा बाहेर उडालाय. कानवाले टॉवेल घेऊन धावले. मासा फरशीवरून उचलून बादलीत टाकण्यात गेलं असेल अर्धं मिनिट, फार तर एक.

परत आले तेव्हा बाबा टाकीपासून दोन पावलं मागे उभे होते. त्यांचा श्वास लागला होता. डोळे ओले होते, पण चेहरा एखादं ओझं खांद्यावरून उतरवून ठेवलेल्या माणसासारखा होता.

"काही नाही रे," ते म्हणाले. आवाज मोठा होता, स्वतःला ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा. "दोन बोटं वाळू आहे नुसती. खाली काच लागली. तू उगीच घाबरलास. सगळी वाळू परत घाल, पाणी भर, मासे सोड. त्यांच्या मिशा झिजतील नाहीतर."

कानवाल्यांनी मान डोलावली. त्यांचं लक्ष बाबांच्या सदऱ्याकडे होतं. बाबा कायम पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचे, मनगटाचं बटण लावलेलं. डावी बाही कोरडी होती. उजवी बाही मनगटापासून खांद्याच्या शिवणीपर्यंत चिंब भिजून दंडाला चिकटली होती, आणि खांद्यावर, अगदी वरपर्यंत, बारीक वाळू होती.

६

सगळी वाळू त्यांनी परत घातली. त्याबद्दल दोघेही एकमेकांशी कधी बोलले नाहीत.

बाबा सुधारले. जेवायला लागले, सुनेच्या हातून काम हिसकावून भाजी निवडायला लागले. बोगद्यातल्या दिवसांच्या गोष्टी सांगायला लागले, भोंग्याच्या तर पुष्कळ. तो झोपेत गायचा, त्याने मुकादमाच्या बुटात बेडूक ठेवला होता, असल्या. सून हसून हसून बेजार व्हायची. यंत्रं मात्र त्यांनी पुन्हा घातली नाहीत. कानवाल्यांनी एकदा डबी पुढे केली तर त्यांनी ती हलकेच मागे सारली.

"मला लागत नाहीत आता," म्हणाले. मग खाली बघत, "आणि तूही त्या काचेला नळी लावू नकोस. ते तुझं काम नाही."

खुर्ची पुन्हा टाकीला लागून आली. कानवाले दुपारी जेवायला आले की बायको नसायची. दोघेच असायचे, पंपाची घरघर आणि उन्हाचा एक पट्टा.

अशाच एका दुपारी ते पायताणं काढत होते. बाबांना ते आल्याचं कळलं नव्हतं. मिशावाले सहाही मासे वाळूवर पोट टेकून निवांत पडले होते, आता कोपऱ्यातसुद्धा. बाबांनी काचेच्या खालच्या कडेवर बोटाच्या पेराने तीन ठोके दिले. मासे हलले नाहीत. त्यांना सवय झाली असावी. बाबांनी हात मांडीवर ठेवला आणि वाट बघत बसले.

कानवाले चप्पल हातात तशीच धरून उभे राहिले.

टाकीत सहाही मासे एकदम वाळूवरून अंगुळभर उचलले गेले आणि खाली बसले. पोहले नाहीत, शेपूट हललं नाही कोणाचं. जमिनीला खालून धक्का बसल्यावर माणसं उचलली जातात तसे. पुन्हा उचलले गेले, बसले. आणि तिसऱ्यांदा.

बहिरे बाबा मान मागे टाकून हसले, आणि मग पुढे वाकून, कोणाचं तरी लांबलचक बोलणं ऐकावं तसे, अधूनमधून मान डोलवत बसून राहिले.